सीलंट सुकतं, हे विकताना सांगा: ग्रॅव्हल सायकलीचा दहा महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणारी, रुंद टायरची. ऑक्टोबरमध्ये बारवी धरणाच्या रस्त्यावर तिने मला अडीच तास बसवून ठेवलं. आणि फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या उखडलेल्या रेल्वेलाइनवरून १५२ किलोमीटर नेताना एकदाही अडवलं नाही. सायकल तीच, टायर तेच. फरक होता तो टायरच्या पोटातल्या साठ-सत्तर मिलीलिटर पांढऱ्या पाण्याचा, म्हणजे भोक बुजवणाऱ्या सीलंटचा. त्यामुळे हा अनुभव निम्मा सायकलीचा आहे आणि निम्मा सीलंटचा.

अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, पुढे ४० दातांची एकच चकती, मागे ११ ते ४२ दातांच्या चकत्यांची कॅसेट, केबलचे डिस्क ब्रेक, ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर. यापुढचं स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहे. ठाण्यात ही सायकल फार सुखाची आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने खणून ठेवलेला भाग, त्यावरच्या लोखंडी प्लेटा, पावसाळ्यात वर आलेली खडी, यातून रोड बाइकवर मी दात आवळून जायचो. इथे ३५ पीएसआय हवा ठेवली की मनगटं दुखत नाहीत. (माझं वजन ७४ किलो. साठ पीएसआय मारून ‘ग्रॅव्हल बाइक आदळते’ म्हणणाऱ्यांनी आधी हवा कमी करून बघावी.) ब्रेक पॅड मात्र एका पावसाळ्यात गेले, येऊरच्या उताराने खाल्ले. ते धरून चाला.

आता ऑक्टोबर. बदलापूरहून बारवीकडे जाताना मागच्या टायरमध्ये बाभळीचा काटा गेला. ट्यूबलेसचं वचन काय? काटा काढला की आतून पांढरं सीलंट उसळतं, भोकात गोठतं आणि आपण पुढे निघतो. मी काटा काढला. नुसती हवा आली, सीलंटचा थेंब नाही. पंप लावला तर हवा आत जाईना, कारण वॉल्व्हची पिन चिकटून बसली होती. ती काढायची एवढीशी किल्ली माझ्याकडे नव्हती आणि ट्यूबही नव्हती. सायकल घेताना दुकानातला मुलगा म्हणाला होता, “काका, ट्यूबलेस आहे, ट्यूब कशाला बाळगता?” शेवटी एका टेम्पोवाल्याने सायकल भाजीच्या क्रेटवर आडवी टाकून बदलापूर स्टेशनपर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं, “उन्हात ठेवली असेल.” सायकल आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये असते, तिथे ऊन येतच नाही. मग ‘ट्यूबलेस सर्व्हिस’चे नऊशे रुपये सांगितले. मी विचारलं, विकताना हे बोलला होतात का? गप्प. मला नऊशे रुपयांपेक्षा तो गप्पपणा जास्त लागला. पाच महिन्यांत त्यांच्याकडे दोनदा सर्व्हिसिंग झालं होतं. दोन्ही वेळा चेन पुसली, गिअर लावले. टायरच्या आत काय आहे, हे कुणी पाहिलं नाही.

टायर घरी उघडला. पातेल्याच्या कडेला दुधाची साय वाळून बसते तसा पातळ पापुद्रा आतून सगळीकडे चिकटला होता आणि तळाशी रबराच्या गोळ्या खुळखुळत होत्या. ओलं काहीच नाही. सीलंट म्हणजे मुख्यतः पातळ रबराचा चीक, त्यात भोक बुजवणारे बारीक कण. त्यातलं पाणी हळूहळू टायरमधून उडून जातं आणि उकाड्यात ते लवकर उडतं. माझ्या बाटलीवर तीन ते सहा महिने लिहिलंय. ठाण्यात माझ्याकडे ते अडीच महिनेच टिकतं, एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी धरा.

तपासायला दुकानात जायची गरज नाही. वॉल्व्ह वरच्या बाजूला असताना हवा पूर्ण सोडा, पिन काढा, मग चाक फिरवून वॉल्व्ह खाली आणा आणि पाच मिनिटं थांबा. खराट्याचा एक हीर वॉल्व्हमधून आत टाका. टोक ओलं झालं तर ठीक, कोरडं आलं तर भरा. सीलंट त्याच वॉल्व्हमधून सिरिंजने आत जातं, टायर उतरवावा लागत नाही. पिन मात्र दर वेळी धुवा आणि खिशात एक जास्तीची ठेवा.

डिसेंबरमध्ये मी ही सायकल विकायच्या विचारात होतो. तेवढ्यात न्यूझीलंडमधल्या डनिडनच्या भाचीचा फोन आला, “मामा, येताय ना, मग सायकल घेऊनच या, ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल करू.” तिथे सायकली भाड्याने मिळतात, पण स्वतःची असताना चार दिवसांचं भाडं भरणं माझ्या जिवावर आलं. न्यूझीलंडमध्ये वापरलेली सायकल नेताना ती जाहीर करावी लागते आणि तिच्यावर मातीचा कण चालत नाही. बाल्कनीत बसून दोन संध्याकाळी जुन्या टूथब्रशने टायरच्या खाचांमधली येऊरची माती काढली. विमानतळावरच्या बाईंनी प्रत्येक खाच बघितली आणि “छान साफ केलीय” म्हणाल्या. फार बरं वाटलं.

ही ट्रेल म्हणजेच ती उखडलेली रेल्वेलाइन, क्लाइड ते मिडलमार्च. लाइन १९०७ मध्ये क्लाइडला पोचली. क्लाइडच्या धरणासाठी सामान वाहून झाल्यावर १९९० मध्ये मिडलमार्चपासून क्लाइडपर्यंतची बंद झाली. रूळ उचलले, खडी दाबून वाट केली आणि २००० पासून ती सायकलींसाठी पूर्ण खुली आहे. दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणं, उघडे डोंगर, मैलोन्‌मैल झाड नाही. अलेक्झांड्राजवळ उतारांवर रानटी थाइम, एक सुगंधी झुडूप, पसरलाय. चाकाखाली चुरडला की थेट ओव्याचा वास येतो, दोन्हींत वासाचं द्रव्य थायमॉलच ना. पूलबर्नच्या दरीत दोन बोगदे आणि दगडी खांबांवरचा उंच पूल आहे. बोगद्यात टॉर्च लागतोच. आत शिरल्यावर टायरखालची खडी किती बोलते ते कळतं.

आणि चढ! ठाणेकराला रेल्वेचा चढ वेगळा समजवायला नको. १८५३ साली पहिली गाडी आपल्याच स्टेशनात आली आणि कसाऱ्याच्या पुढे १:३७ च्या (३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या) घाटात गाडीला बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं म्हणून रेल्वे चढ टाळते. या लाइनवर तो १:५० च्या पुढे जात नाही. डोळ्यांना सपाट दिसतो, मांड्यांना कळतो. लॉडरपासून वेडरबर्नकडे तो तासन्‌तास तसाच राहतो, वाटेत ६१८ मीटरचा सर्वांत उंच बिंदू येतो.

इथे माझं एक मत फिरलं. पुढे एकच चकती असण्याचं मी सहा महिने सगळ्यांना कौतुक सांगत होतो. ठाण्यात ते खरंच आहे: सिग्नल, खड्डा, फ्लायओव्हर, दर मिनिटाला गिअर बदलतो, त्यामुळे दोन गिअरमधलं अंतर जाणवतच नाही. पण रेल्वेच्या एकसारख्या चढावर मला २४ दातांवर जड जात होतं आणि २८ वर पाय नुसते फिरत होते. हवा होता मधला, आणि तो कॅसेटमध्ये नाही. दीड तास मी त्या दोघांमध्ये ये-जा करत होतो. अशा लांब, एकसारख्या वाटांसाठी सायकल घेणाऱ्यांनी पुढे दोन चकत्यांचाच विचार करावा. हे मी आधी ज्यांना उलट सांगितलं, त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

तिसऱ्या दिवशी रॅनफर्लीच्या पुढे भाची मागून ओरडली, “मामा, टायर!” वाटेच्या कडेला रानटी गुलाबाची काटेरी झुडपं होती, त्यातला काटा मागच्या टायरमध्ये मुळापर्यंत गेला होता. मी तो ओढला. फुस्स करून पांढरा फवारा आला, माझी पोटरी रंगली. चाक फिरवून भोक खाली आणलं. फवाऱ्याचे बुडबुडे झाले आणि बुडबुडे थांबले. मिनिटभरही लागलं नसेल. पंपाचे तीस हात मारले आणि निघालो. त्याच टायरने मिडलमार्च गाठलं. मी वाटेत दोनदा थांबून त्या जागेवर अंगठा फिरवला, कोरडी होती. बारवीला जे व्हायला हवं होतं ते हेच.

सायकल विकत नाही. दुकान मात्र बदललं. नव्या ठिकाणच्या मेकॅनिकने मी काही विचारायच्या आधीच शेवटचं सीलंट कधी भरलं ते विचारलं.

काल पुन्हा हीर घातला. मागच्या चाकात अर्धा इंच ओला आला. पुढच्यात टोकसुद्धा भिजलं नाही. साठ मिली भरलं, पिन बदलली आणि रिमवर मार्करने तारीख लिहून ठेवली.