२५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप, आणि त्यातून सुटायला लागलेली दोन वर्षं

ज्यांनी मॉलमधल्या स्टॉलवर लकी ड्रॉचं कूपन भरलं आणि आता दरवर्षी मेंटेनन्सचं बिल आलं की डोक्याला हात लावून बसतात त्यांच्यासाठी लिहितेय, लांब झालंय पण पूर्ण वाचा. मेंबरशिपला १ स्टार. जिल्हा ग्राहक आयोगाला ४, पाचवा तारखांपायी गेला. कंपनीचं नाव घेत नाही, आयोगाच्या ऑर्डरचे पैसे मिळालेत आणि माझ्यापुरता तो विषय संपलाय, आणि तसंही विकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी हीच आहे.

डिसेंबर २०२१. मॉलमध्ये कूपन भरलं, आठवड्याने फोन, अभिनंदन मॅडम तुम्हाला ३ रात्रींचं व्हाउचर लागलंय, फक्त नवरा-बायको दोघांनी येऊन घेऊन जायचं. दोघंच का, तर नंतर कोणी एकाने "घरी विचारून सांगतो" म्हणायला नको म्हणून, हे आता कळतं. हॉटेलचा हॉल, मोठ्याने गाणी, पोरांना कोपऱ्यात रंगवायला बसवलेलं, आणि टेबलावर एक मुलगा जो साडेतीन तास उठूच देत नाही. ५ लाखांची मेंबरशिप आजच्या आज ३ लाखात, वर्षाला ७ दिवस, २५ वर्षं, कुठेही कधीही, आणि नको झाली तर मॅडम आम्हीच विकून देतो, तुमचे पैसे वाढूनच येतील. पोरं भुकेजली होती, नवऱ्याने कार्ड दिलं, ६० हजार गेले, बाकीचे २ लाख ४० हजार महिन्याला ५ हजार असे ४८ हप्ते. व्हाउचर कधीच वापरता आलं नाही, प्रत्येक वेळी त्या तारखा ब्लॉक.

जे चांगलं होतं ते पण सांगते. पहिल्या वर्षी जुलैत महाबळेश्वरला ३ रात्री राहिलो, रूम स्वच्छ, जेवण छान, स्टाफ अगदी घरच्यासारखा. पण जुलैत महाबळेश्वरला पाऊस किती असतो हे मी सांगायला नको, खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मे महिना मागितला तर फुल. दिवाळी मागितली तर वेटलिस्ट. पुढच्या मे साठी चार महिने आधीपासून लॉगिन करून बसले, तरी फुल. आणि त्याच तारखांना तोच रिसॉर्ट हॉटेल बुकिंगच्या साइटवर पैसे देऊन खुला! मी तिथल्या तिथे दोन्ही स्क्रीनचे फोटो काढले, तारीख वेळ दिसेल असे. पुढे सगळी केस याच फोटोंवर उभी राहिली. मेंटेनन्स पहिल्या वर्षी १४ हजार, दुसऱ्या वर्षी १५,४००, राहा किंवा राहू नका.

आता बाहेर कसं पडायचं ते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा सुट्टीच्या मेंबरशिपसाठी, वेगळा कायदा नाहीये. इंग्लंड-युरोपात सही केल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतं, अमेरिकेत फ्लोरिडात १० दिवस, आणि तो हक्क तिथे कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडे करारात कंपनीने जेवढे दिवस दिलेत तेवढेच. आमच्या करारात १० दिवस होते, पान ६ वर, बारीक अक्षरात. आणि करार कुरिअरने घरी आला तो १२व्या दिवशी! त्या हॉलमध्ये सह्या घेतल्या तेव्हा हातात फक्त पावती आणि चकचकीत फोल्डर दिलं होतं. कुरिअरच्या पाकिटावर शिक्क्याची तारीख होती आणि माझ्या सासूबाईंना पाकिटं जपून ठेवायची सवय आहे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सुरुवातीचं वर्षभर मी काय केलं तर कस्टमर केअरला फोन. हे करू नका. फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि हातात काहीच राहत नाही. जे बोलायचं ते ईमेलवर, तारीखवार, बुकिंग मागितल्याची तारीख आणि नकाराची तारीख लिहून. मी ऑगस्ट २०२३ मध्ये मेंबरशिप रद्द करा आणि पैसे परत द्या असं स्पष्ट लिहिलं, उत्तर आलं की कराराप्रमाणे रिफंड देय नाही. तो नकार लेखी मिळाला हेच महत्त्वाचं.

हप्त्यांचं नीट वाचा कारण इथे लोक फसतात. खात्यात बॅलन्स न ठेवता हप्ता बाऊन्स होऊ द्यायचा नाही, ऑटो डेबिट बॅलन्सअभावी परत जाणं हा पेमेंट सिस्टीम कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा होऊ शकतो, चेक बाऊन्ससारखाच. आम्ही आधी कंपनीला कारणासकट लेखी कळवलं आणि मग बँकेत जाऊन मॅन्डेट, म्हणजे ऑटो डेबिटची परवानगी, रद्द करायचा अर्ज देऊन पोच घेतली. तोवर २० हप्ते गेले होते म्हणजे १ लाख, अधिक ते ६० हजार. आमचा हप्ता थेट कंपनीला होता म्हणून हे जमलं. तुमचं कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल किंवा क्रेडिट कार्डवर ईएमआय केला असेल तर रिसॉर्ट मिळो न मिळो त्यांचा हप्ता थांबत नाही, थांबवला तर सिबिल बिघडतं, त्यामुळे आधी वकिलाशी बोला आणि तक्रार करताना त्या फायनान्सवाल्यांनाही पार्टी करता येतं का ते विचारा.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो. त्यांनी तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने तेच जुनं उत्तर चिकटवलं. हेल्पलाइनला ऑर्डर द्यायचा अधिकार नाही, तेव्हा तिथे आशा लावून महिने घालवू नका, पण आपण आधी सरळ मार्गाने प्रयत्न केला होता याचा कागद होतो. वकिलाची नोटीस ३ हजारात गेली, रजिस्टर पोस्ट एडीने. नोटीस सक्तीची नाहीये पण मुद्दे आणि रकमेची मागणी एका कागदावर येते.

आमच्या शेजारी एक वकील काकू राहतात, त्यांनी पहिलं वाक्य हेच विचारलं की सही कधीची? डिसेंबर २०२१. मग म्हणाल्या डिसेंबरच्या आत दाखल कर, बाकी नंतर बोलू. कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. कंपन्या ती सहीच्या दिवसापासून मोजतात. बुकिंग दरवर्षी नाकारतायत आणि बिलं दरवर्षी पाठवतायत म्हणजे कारण चालूच आहे असं म्हणता येतं, उशीर माफ करायचा अर्जही देता येतो, पण त्या वादात शिरायचीच वेळ येऊ नये. आणि नुसत्या नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमची तक्रार नोव्हेंबर २०२३ ला गेली, महिनाभर उरला होता. ऑनलाइन तक्रारीसाठी तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, आता १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे.

फी शून्य. खरंच शून्य, मला पण आधी पटलं नव्हतं. ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगातच जाता येतं. तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, कंपनीचं हेड ऑफिस कुठेही असो. आमच्या करारात लिहिलेलं की वाद फक्त कंपनीच्या शहरात आणि तोही लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे. हे वाचून नवरा गळून गेला होता. पण कलम ३४ मध्ये ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करायचा हक्क दिलाय, आणि लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डरच्या प्रकरणात पक्कं केलंय. कंपनीच्या वकिलाने पहिल्यांदा हेच दोन मुद्दे काढले आणि दोन्ही तिथेच पडले.

एक बारकावा काकूंनी सांगितला तो सोन्यासारखा आहे. करारातलं कलमच अन्यायकारक म्हणून रद्द करा अशी मागणी असेल तर ते राज्य आयोगाचं काम आहे, जिल्ह्याचं नाही. म्हणून आम्ही तक्रार मांडली ती सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा अशी. बुकिंग दिलं नाही ही त्रुटी. गिफ्ट देतो सांगून द्यायचंच नाही, हे तर कायद्यातल्या अनुचित प्रथेच्या व्याख्येत सरळ लिहिलेलं आहे.

कंपनीला उत्तराला ३० दिवस आणि वरती जास्तीत जास्त १५, ते अगदी शेवटच्या दिवसांत आले. मग मध्यस्थीचा विषय निघाला, तिथे त्यांनी पैसे सोडून सगळं देऊ केलं, मोठी रूम, ५ वर्षं वाढवून, दोन वर्षांचा मेंटेनन्स माफ. जो कंटाळलेला असतो तो इथे हो म्हणतो, आम्ही नाही म्हटलं. मग तारखा. कायद्यात ३ महिन्यांचं लिहिलंय, आम्हाला १७ महिने लागले, कधी बेंच पूर्ण नाही, कधी त्यांच्या वकिलाची मुदतवाढ. शाळेतून अर्धा दिवस रजा काढून जायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं, खूप चिडचिड व्हायची. व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, शेवटच्या दोन मी तशाच केल्या. वकील लागतोच असं नाही, काकूंनी कागद तपासून दिले आणि उभी मीच राहिले. व्हॉट्सअॅपचे प्रिंट लावताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडा, तेव्हा ते जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५बी चं होतं, आता नव्या साक्ष कायद्यात कलम ६३ आहे.

एप्रिल २०२५ ला ऑर्डर. १ लाख ६० हजारातून आम्ही राहिलो त्या ३ रात्रींचे २२ हजार वजा, म्हणजे १ लाख ३८ हजार, तक्रारीच्या तारखेपासून ६ टक्के व्याज, दुसऱ्या वर्षीचा मेंटेनन्स परत, त्रास आणि खर्चाचे मिळून २० हजार, आणि उरलेले २८ हप्ते रद्द. पहिल्या वर्षीचे १४ हजार मिळाले नाहीत कारण त्या वर्षी राहिलो होतो, ते मला बरोबरच वाटलं. ऑर्डरमध्ये १२व्या दिवशी आलेल्या कराराचा उल्लेख आहे, रद्द करायची मुदत संपल्यावर करार हातात देणं म्हणजे ती मुदत न देण्यासारखंच आहे असा. ते वाचताना मला रडू आलं. तीन वर्षांहून जास्त लोक मला म्हणत होते सही करताना वाचायचं नाही का.

पैसे लगेच आले नाहीत. अपिलाला ४५ दिवस असतात आणि कंपनीला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यांनी केलंच नाही, नुसते गप्प बसले. मग कलम ७१ आणि ७२ खाली अंमलबजावणीचा अर्ज टाकला. ७२ मध्ये ऑर्डर न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद होऊ शकते. नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत खात्यात पैसे जमा.

मधल्या काळात दर आठवड्याला फोन यायचे, मॅडम तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त ट्रान्सफर चार्ज आणि जीएसटी आधी भरा. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी १८ हजार भरले आणि तो नंबर त्यानंतर कधी लागला नाही. या फोनवाल्यांकडे तुमचं नाव, मेंबरशिपची रक्कम, सगळं असतं म्हणून खरं वाटतं. आधी पैसे मागितले की फोन ठेवा. भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

आणि ज्यांच्या कागदावर "रूम नाइट्स नाही वापरल्या तर मुदतीनंतर इतकी रक्कम परत" असं लिहिलंय त्यांचा रस्ता वेगळा आहे, ती सुट्टीच्या नावाखालची गुंतवणूक होते. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीला सेबीने (शेअर बाजार आणि गुंतवणुकींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये लोकांचे ७ हजार कोटींहून जास्त परत करायला सांगितले ते अशाच योजनेसाठी, आपल्याकडची कितीतरी कुटुंबं त्यात होती. तुमचं तसं असेल तर सेबीकडे पण तक्रार करा.

कोणी काल-परवाच सही करून आलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आज रात्रीच ईमेल करा, मेंबरशिप रद्द, पैसे परत, कारण द्यायची गरज नाही, करार अजून मिळालेला नाही हे आवर्जून लिहा आणि उद्या तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. सेल्सवाला मुलगा फोन करून म्हणेल मॅडम मी स्वतः बघतो, आठ दिवस थांबा. थांबू नका. आणि करार घरी आला की कुरिअरचं पाकीट टाकू नका.