प्रोलाँग ग्लास: महाग बाटली कोणत्या स्लाइडसाठी उघडावी?

आमच्या प्रयोगशाळेत कन्फोकलसाठीच्या (नमुन्याचे एकेक थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठीच्या) बहुतेक स्लाइड सध्या प्रोलाँग ग्लास या माउंटिंग मीडियममध्ये (नमुना आणि त्यावरची काच यांच्यामध्ये भरायच्या द्रवामध्ये) बसवल्या जातात आणि नव्याने आलेला प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो की इतकी महाग बाटली कशासाठी, साध्या ग्लिसरॉलने काम भागत नाही का. एकदाच पाहून छायाचित्र घ्यायचे असेल, तर पुष्कळदा भागते. मात्र एकाच पेशीचे पन्नास-साठ थर टिपायचे असतील, तर शेवटच्या थरापर्यंत पोहोचेतो नमुन्याला लावलेल्या, प्रकाश पडताच चमकणाऱ्या रंजकद्रव्याची चमक उतरलेली असते, कारण प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी काही ट्रिप्लेट या जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत अडकतात, तेथे त्यांची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि ते कायमचे निकामी होतात. अँटीफेड म्हणजे चमक टिकवणारी द्रव्ये या अभिक्रियेला आळा घालतात. त्यांतली जुनी द्रव्ये आपल्या ओळखीचीच आहेत: प्रोपिल गॅलेट खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून वापरतात, तर पॅरा-फेनिलीनडायअमीन केसांच्या कलपात असते. ही दुसरी पूड हाताळताना हातमोजे विसरू नयेत. तिचे द्रावण तपकिरी झाले की ते टाकून द्यावे.

प्रोलाँग ग्लासचा खरा गुण मला चमक टिकवण्यापेक्षा त्याच्या अपवर्तनांकात (प्रकाश किती वळतो हे सांगणाऱ्या आकड्यात) दिसतो. पूर्ण सुकल्यावर तो सुमारे १.५२ होतो, म्हणजे काचेच्या आणि १.५१८ च्या इमर्शन ऑइलच्या (भिंग आणि स्लाइड यांच्यामधल्या तेलाच्या) अगदी जवळ येतो. व्हेक्टाशील्डसारख्या ग्लिसरॉल-आधारित मीडियमचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो. कव्हरस्लिपला (नमुन्यावरच्या पातळ काचेला) चिकटलेल्या पेशींच्या पातळ थरात हा फरक जाणवत नाही, परंतु ऑइल ऑब्जेक्टिव्हने (तेलासह वापरायच्या भिंगाने) नमुन्यात जसजसे खोल जावे तसतशी गोलीय विपथनामुळे (किरण एका बिंदूत न मिळण्याच्या दोषामुळे) प्रतिमा मंद आणि धूसर होत जाते, आणि बाजूने पाहिल्यास गोल केंद्रक अंड्यासारखे उभट भासते. प्रोलाँग ग्लासमध्ये हा दोष बराच कमी होतो. अर्थात ऑब्जेक्टिव्हच पाण्याचे किंवा ग्लिसरॉलचे असेल, तर ग्लासवर खर्च करण्यात काही हशील नाही, आणि कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीची नसेल तर उत्तम मीडियमही वाया जाते.

दुसरा विचार रंजकद्रव्यांचा. व्हेक्टाशील्ड हे डीएपीआय (केंद्रकाचा निळा रंजक) आणि हिरव्या रंजकांसाठी अनेक प्रयोगशाळांचे विश्वासाचे मीडियम आहे, ते सुकण्याची वाट पाहावी लागत नाही आणि त्याच दिवशी स्लाइड पाहता येते. पण त्यात अ‍ॅलेक्सा ६४७ सारख्या गडद लाल रंजकांची सुरुवातीची चमकच कमी होते, हे नोंदवलेले आहे. चार रंगांच्या प्रयोगात नेमकी दुर्मीळ प्रथिनाची खूण ६४७ वर ठेवलेली असेल, तर हा तोटा परवडणारा नाही. म्हणून मीडियम निवडताना सर्वांत तेजस्वी रंजकाकडे न पाहता सर्वांत दुबळ्या रंजकाकडे पाहावे, असे मी सांगतो. ग्लासमध्ये निळ्यापासून गडद लालपर्यंतचे रंजक आम्ही एकाच स्लाइडवर वापरतो. डीआयआयसारख्या मेदात विरघळणाऱ्या रंजकांची मात्र वेगळी चाचणी घ्यावी, कारण ग्लिसरॉलयुक्त मीडियममध्ये ते पटलांतून झिरपून बाहेर येऊ शकतात.

आता ग्लासविषयीच्या तक्रारी. हे मीडियम फार दाट असल्याने थंड बाटलीतून थेंब घेतला की हमखास बुडबुडे येतात. आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. स्लाइडवरचे जास्तीचे बफर टिपून घ्यावे, थेंब कव्हरस्लिपवर ठेवावा आणि तिची एक कड आधी टेकवून ती हळूच खाली सोडावी. त्यानंतर सपाट जागी, अंधारात किमान २४ तास थांबावे लागते. पाणी उडून गेल्यावरच मीडियम घट्ट होते, त्यामुळे घाईने नेलपॉलिश लावून कडा बंद केल्यास सुकणेच थांबते. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत २४ तास पुरले नाहीत असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तेव्हा आम्ही स्लाइड सिलिका जेल ठेवलेल्या डब्यात आडव्या ठेवतो आणि दोन दिवस हात लावत नाही.

पदवीच्या वर्गाला शिकवण्यासाठी मी ही बाटली उघडत नाही. मोविओल ४-८८ (एक पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), ग्लिसरॉल, ८.५ पीएचचे ट्रिस बफर आणि २.५ टक्के डॅबको (हेही अँटीफेड द्रव्य) यांचे घरगुती मिश्रण त्यासाठी पुरेसे आहे. ढवळण्यात अर्धा दिवस जातो खरा, पण लहान नळ्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवले की ते महिनोन्‌महिने पुरते.

आणि एका कामासाठी ग्लास मी मुळीच सुचवणार नाही. सुकून घट्ट होणारे कोणतेही मीडियम नमुन्याला थोडेफार आकसवते आणि चपटे करते. कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशींना त्याची फारशी झळ लागत नाही, परंतु पेशींच्या गोलकांची उंची किंवा घनफळ मोजायचे असेल, तर न सुकणारे मीडियम घ्यावे, कव्हरस्लिपखाली योग्य जाडीचा स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) ठेवावा आणि अपवर्तनांक जुळेल असे ऑब्जेक्टिव्ह वापरावे.