काचेवरचा ओरखडा आणि ‘मडेरा टोपाझ’

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म नोव्हेंबरचा. तिच्या तिसाव्या वाढदिवसाला तिच्या जन्ममहिन्याच्या रत्नाची अंगठी द्यायची म्हणून मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. त्या अंगठीत मी फसले. तुमच्यापैकी कोणी असा खडा घ्यायच्या विचारात असेल, तर आधी हे वाचा.

विक्रेता जाणकार वाटला, तिथेच माझा घात झाला. त्याने सुरुवात बायबलपासून केली. याजक अहरोनाच्या ऊरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्टीवर, बारा रत्नं होती, त्यात टोपाझ होता, तेव्हापासून हजारो वर्षं नोव्हेंबरचं रत्न हेच, असं तो सांगत गेला. मग त्याने तो मधाच्या रंगाचा, तांबूस झाक असलेला खडा काचेच्या तुकड्यावर ओढला. करकर आवाज आला आणि बारीक पांढरी रेघ उमटली. ‘काच असती तर काचेवर ओरखडा पडला असता का, ताई?’ मला पटलं. टोपाझची किंमत मोजून अंगठी घेतली. पावतीवर ‘नैसर्गिक मडेरा टोपाझ’ असं लिहिलं होतं.

वर्षभराने खड्याची पकड सैल झाली. ती बसवून देणाऱ्या कारागिराने खडा भिंगाखाली धरला आणि म्हणाला, ‘एकदा तपासून घ्या.’ प्रयोगशाळेत त्यांनी यंत्रावर द्रवाचा थेंब टाकून त्यावर खडा ठेवला आणि मला स्वतः बघू दिलं. प्रकाश खड्यात किती वळतो (अपवर्तनांक) हे दाखवणाऱ्या मोजपट्टीवर सावलीची कड १.५४ ते १.५५ च्या आसपास होती. टोपाझ असता तर ती १.६१ च्या पुढे दिसली असती. अहवालात लिहून आलं, क्वार्ट्झ (गारगोटीच्या कुळातलं खनिज), प्रकार सिट्रीन. म्हणजे सुनेला.

काचेच्या चाचणीने काहीच सिद्ध झालं नव्हतं. खनिजांच्या कठीणतेच्या मोहस मापावर (१ ते १०) क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, आणि काच या दोघांपेक्षा मऊ. ओरखडा दोन्ही खडे पाडतात. ‘नैसर्गिक’ हा शब्दही खोटा ठरवता येत नाही, कारण क्वार्ट्झही जमिनीतून निघतो. ‘मडेरा टोपाझ’ हे तर गडद सिट्रीनला व्यापारात चिकटवलेलं जुनं नाव. बाजारातला बराचसा सिट्रीन मुळात जांभळा ॲमेथिस्ट असतो, तो भट्टीत तापवला की पिवळा-नारिंगी होतो. ॲमेथिस्ट फेब्रुवारीचं रत्न आहे! मराठीत गोंधळ आणखी वाढतो, कारण ‘पुष्कराज’ म्हटलं की कोणी पिवळा नीलम समजतं, कोणी टोपाझ.

मग मी विक्रेत्याच्या गोष्टीही तपासल्या. ऊरपटावरच्या बारा रत्नांचा संबंध बारा महिन्यांशी पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसेफसने जोडला होता, ते खरं. पण आज दुकानात दाखवतात ती यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये ठरवली. पुढे तिच्यात भर पडत गेली. डिसेंबरच्या रत्नांत २००२ साली आलेला टांझानाइट तर १९६७ पर्यंत कोणाला माहीतच नव्हता. जुन्या ग्रंथांतला ‘टोपाझ’ही आजचा टोपाझ नसावा. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने तांबड्या समुद्रातल्या बेटावरचा जो ‘टोपाझोस’ वर्णिला आहे तो हिरवा आहे, म्हणजे बहुधा आपला पेरिडॉट. या कथा मला आजही मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या आडून कोणी खोटं विकलं याचा संताप येतो.

आणि सगळ्यात जास्त खुपलं ते हे: सिट्रीन १९५२ पासून नोव्हेंबरच्या यादीत आहेच. त्याने सरळ ‘सिट्रीन’ म्हणून सांगितलं असतं, तर मी आनंदाने घेतला असता, सिट्रीनच्या भावात.

अहवाल घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्या धंद्यात यालाच टोपाझ म्हणतात.’ पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर ‘मडेरा’ हा शब्द होता आणि त्याचा अर्थ मी विचारला नव्हता.

तुम्ही घ्याल तेव्हा टोपाझच्या आधी ‘मडेरा’, ‘स्मोकी’, ‘गोल्ड’ असं काही लागलं असेल, तर तिथेच थांबा. पावतीवर खनिजाचं नाव आणि खडा तापवलेला आहे का, हे दोन्ही लिहून मागा. अहवाल विक्रेत्याने छापलेला नको, स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा, आणि तो पैसे देण्याआधी हातात हवा.