सॅटेलाइट नकाशावरून ऑटोकॅडमध्ये कंटूर: वर्षभर वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो: असे कंटूर (समान उंचीच्या रेषा) फिजिबिलिटीसाठी, म्हणजे काम जमेल का ते अजमावायला झकास, मातीकामाच्या क्वांटिटीसाठी बिनकामाचे. मधल्या कामांचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही, म्हणून हे लांबण.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं छोटं सर्व्हे-डिझाइनचं ऑफिस आहे. लेआउट, पाइपलाइन, तलाव, शेतरस्ते अशी कामं. ऑटोकॅडची जिओमॅप कमांड नुसतं चित्र देते, उंची देत नाही. म्हणून सिव्हिल थ्रीडीसाठी (ऑटोकॅडवरच बेतलेलं स्थापत्यकामाचं सॉफ्टवेअर) एक सशुल्क प्लगिन घेतलं. नकाशावर चौकोन आखला की चित्र आणि सरफेस (जमिनीच्या उंचसखलपणाचं मॉडेल) दोन्ही ड्रॉइंगमध्ये येतात.

चित्राबद्दल तक्रार नाही. ऑनलाइन नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) ग्वाल्हेरच्या अक्षांशावर सगळं साधारण ११ टक्के मोठं दिसतं. स्क्रीनशॉट चिकटवून डोळ्यांनी स्केल करण्यापेक्षा प्लगिन ते नीट बसवून देतं, हे मोठं सुख.

उंचीची गोष्ट वेगळी. चित्रात उभ्या ट्रॉलीचा हौदा दिसतो, त्यामुळे काम देणाऱ्या पार्टीला वाटतं लेव्हलही तितकीच बारीक असणार. पण जगभराचा फुकट मिळणारा उंचीचा डेटा ढोबळमानाने ३० मीटरच्या ग्रिडचा असतो. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने ११ दिवसांत रडारने घेतलेली मोजणी. कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचा डेटा २०११ ते २०१५ मधल्या रडार उपग्रहांचा. दोन्हींत झाडं आणि छपरं उंचीत मिसळलेली. त्यात एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये, त्यामुळे सपाट शेतातही पायऱ्या उमटतात. अर्ध्या मीटरचे कंटूर मागा, सॉफ्टवेअर मुकाट्याने काढून देतं. त्या रेषांना अर्थ नसतो. आमच्या प्लगिनमध्ये कुठल्या भागाला कोणता स्रोत वापरला ते शेवटपर्यंत कळत नाही, ही माझी सगळ्यात मोठी नाराजी.

मुरैनाकडे, चंबळच्या बीहडाला (घळींच्या प्रदेशाला) लागून एक तलावाची जागा होती. स्क्रीनवर छान एकसारखा उतार. जाऊन पाहिलं तर दोन ग्रिड-पॉइंटांच्या मध्येच एक अख्खी घळ. स्टाफ (उंची मोजायची पट्टी) धरणारा पोरगा खाली उतरला तो दिसेनासाच झाला, आणि आतून ओरडला, "साहब, यहाँ तो हाथी उतर जाए!" अशा जमिनीवर हा डेटा वापरूच नये. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचं उदाहरण सगळ्यांना पटतं: त्याचा सरळसोट कडा या सरफेसमध्ये घसरगुंडी होतो.

आता खास आपल्या भागाची डोकेदुखी. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन पाडलेले असतात. त्यातला झोन ४३ संपून ४४ सुरू होतो तो ७८ रेखांशावर. ग्वाल्हेर शहर जेमतेम पलीकडे, झोन ४४ मध्ये. शिवपुरी ४३ मध्ये. शिवपुरी रस्त्याच्या कडेने एक पाइपलाइन होती. प्लगिन झोन ठरवतं ते त्या-त्या चौकोनाच्या मध्यावरून, न विचारता. ईस्टिंग (झोनमधलं पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) एका बाजूला आठ लाखांच्या आसपास, दुसऱ्या बाजूला दोन लाखांच्या, म्हणजे लाइनचे दोन तुकडे ड्रॉइंगमध्ये सहाशे किलोमीटर लांब पडले. इंदूर-बडोद्याची मंडळी झोन ४३ च्या चांगली आत, त्यांना हे कधी भोगावं लागत नाही.

झोन हाताने एकच ठेवला तरी एक गोम राहते. इतक्या काठावर ग्रिडवरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त भरतं. लेआउटला कोण विचारतो, पण लांब लाइनच्या चेनेजला (सुरुवातीपासून मोजत नेलेल्या अंतराला) ते झोंबतं. मी अशा कामाला ७८ रेखांश मध्यावर धरून वेगळं ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रोजेक्शन करतो. भांडण मिटतं.

सध्या उंचीसाठी प्लगिन बाजूला ठेवलंय. कोपर्निकसची फाइल उतरवायची, क्यूजिस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये रिप्रोजेक्ट करायची (हव्या प्रोजेक्शनमध्ये बदलायची), मग सिव्हिल थ्रीडीत सरफेसच्या डेफिनिशनमध्ये डीईएम (उंचीच्या ग्रिडची) फाइल म्हणून जोडायची. रिप्रोजेक्ट करताना रिसॅम्पलिंग (नव्या ग्रिडवर उंची ठरवायची रीत) आपोआप 'निअरेस्ट नेबर' असतं. ते बदलून 'बायलिनिअर' करा, नाहीतर कंटूरवर करवतीचे दात येतात. इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम हा उंचीचा डेटाही चांगला, फक्त त्याची उंची एलिप्सॉइडवरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) असते, समुद्रसपाटीवरून नव्हे. आपल्याकडे तो फरक पन्नासेक मीटरचा. दोन्ही स्रोत एकाच ड्रॉइंगमध्ये मिसळलेत तर जमिनीत मध्येच दरड कोसळल्यासारखं दिसेल.

पाणलोट क्षेत्र आखणं, लाइनचे दोन-तीन पर्याय तोलणं, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) आधी कुठे लावायचं ते ठरवणं, यात मात्र माणसांची खूप पायपीट वाचली. साइटवरच्या एखाद्या बेंचमार्कशी (उंची माहीत असलेल्या खुणेशी) आरएल, म्हणजे उंची जुळवून सरफेस वर-खाली केला की चढ-उताराचा कल बहुतेक ठिकाणी पटतो. कल, लेव्हल नाही. एका खात्याने याच कंटूरवर कट-फिल (खोदाई-भरावाचा हिशेब) मागितलं तेव्हा मी लेखी नकार दिला आणि ऑटो लेव्हलच्या सर्व्हेचं वेगळं कोटेशन लावलं.

प्लगिनची वर्गणी या महिन्यात संपतेय. निव्वळ चित्रांसाठीचा स्वस्त प्लॅन असेल तर घेईन. टेरेनचे, म्हणजे उंचीच्या डेटाचे पैसे पुन्हा भरणार नाही.