गावातला हार्डकोअर शो की मुंबईचा? पैसे एकाचेच असतील तर

आपल्या जळगाव-धुळ्याकडं पोरं स्वतःच वर्गणी काढून, एखादा हॉल भाड्यानं घेऊन हार्डकोअर पंकचा, म्हणजे वेगवान, ओरडून गायच्या छोट्या गाण्यांच्या रॉकचा, शो करतात, आणि त्याच महिन्यात मुंबईतल्या क्लबातही चांगले बँड असतात. दोन्हीकडं जाता येत नाही. मी दोन्ही ठिकाणी उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

आवाजात मुंबई पुढं, यात वाद नाही. तिथं साउंड करणारा माणूस जाणकार असतो, गिटार आणि ड्रम वेगवेगळे ऐकू येतात, गायकाचे शब्द कळतात. आपल्याकडं भाड्याची सिस्टीम बहुधा लग्नाच्या बँडवाल्याची असते. मी पाहिलेल्या एका शोत बेस ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढं सरकायचा, म्हणून त्याच्यासमोर दोन विटा लावल्या होत्या आणि एक पोरगा पूर्ण वेळ त्या विटांवर पाय देऊन बसला होता. माईकला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पहिली तीन गाणी मला नुसती घरघर वाटली.

चौथ्या गाण्यात गायकानं माईक खाली बसलेल्यांसमोर धरला आणि सगळा हॉल अहिराणीत ओरडला, ‘कापूसले भाव द्या!’ माझ्या शेजारचा पोरगा डोळे मिटून ओरडत होता. त्याच्या घरी कापूस भरून ठेवलेला होता, भावाची वाट बघत. गाणं दीड मिनिटात संपलं. मुंबईत मला याहून भारी वाजवणारे भेटले, पण असं अंगावर आलेलं गाणं नाही.

या संगीताची रीतच अशी आहे. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या पोरांनी ‘डिस्कॉर्ड’ ही रेकॉर्ड कंपनी काढली ती आपल्याच बँडची तबकडी काढायला. तिची वेष्टनं त्यांनी हातानं कापली, दुमडली, चिकटवली. कुणी मोठं येऊन आपलं करील म्हणून थांबायचं नाही, एवढंच त्यामागं आहे. हॉलच्या दारात टेबल टाकून वहीत नावं लिहिणारी आपली पोरं मला त्याच घरातली वाटतात.

खर्चाचं सरळ आहे. जळगाव ते मुंबई रेल्वेनं सुमारे ४२० किलोमीटर. जाण्यायेण्याच्या दोन रात्री, तिकीट, खाणं आणि शो उशिरा संपला तर स्टेशनवर काढलेली पहाट. गावातला शो लाऊडस्पीकरच्या भीतीनं रात्री दहाच्या आत आवरतो, तुम्ही जेवायला घरी. पण त्याचा तोटाही आहे: एकदा सुरुवात दोन तास लांबली, शेजारच्यांनी तक्रार केली आणि शेवटच्या बँडला दोनच गाणी मिळाली. तो बँड नाशिकहून आला होता. मला अजून वाईट वाटतं.

धक्काबुक्कीच्या बाबतीत, म्हणजे स्टेजसमोर पोरं एकमेकांना धक्के देत नाचतात त्या ‘पिट’मध्ये, मी मुंबईला जास्त सुरक्षित म्हणेन. तिथल्यांना सवय असते; कुणी पडला की चार हात लगेच उचलतात. आपल्याकडं काहींना ती वरात वाटते, काहींना भांडण. हॉलची फरशी घामानं निसरडी होते, म्हणून चप्पल नको, बूटच घाला. भिंतीला टेकून पाहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

मुलींसाठी वेगळा विचार करावा लागतो. मुंबईत त्या बऱ्याच असतात, इथं एखाद्या शोला तीन-चारच दिसतात आणि गावात कुणीतरी ओळखीचं निघतंच. शो करणाऱ्यांना आधी फोन करा, कोण कोण येणार ते स्पष्ट विचारा. नीट उत्तर दिलं नाही तर जाऊ नका.

उन्हाळ्यातला गावचा शो मात्र मी टाळतो. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा पत्र्याच्या हॉलात ड्रमरची शुद्ध हरपेल. थंडीत जा. थंडी म्हणजे भरीताचे दिवस; बाहेरगावच्या बँडला शोनंतर कुणाच्या तरी शेतात भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते, आणि थांबलात तर तुम्हालाही.

तर माझा निवाडा: वर्षानुवर्षं ऐकलेला एखादा बँड मुंबईत वाजणार असेल तर खुशाल रात्रीची गाडी पकडा. तसं नसेल आणि हा पहिलाच शो असेल, तर गावातलाच. क्लबात दोनशेंत तुम्ही एक असता. इथं चाळीसच जण असतात, आणि दहा आले नाहीत तर हॉलचं भाडं पोरांच्या खिशातून जातं.

कुठंही गेलात तरी कानात फोमचे बोळे घाला, कापूस पुरत नाही. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांहून जास्त उघड्या कानांनी थांबू नये, आणि हे शो त्याहून मोठे असू शकतात. सुटे पैसे ठेवा. दार सहाला उघडणार असेल तर साडेपाचलाच पोचा. अँप (गिटारचा आवाज मोठा करणारी जड पेटी) जिन्यानं वर न्यायला दोन हात नेहमी कमी पडतात.