धातूचे सैन्य सांगून रेझिन पाठवणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या क्लबमध्ये टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळल्या जातात. त्यासाठी धातूचे रंगवलेले सैन्य विकत घेताना माझे एकूण ४८,५०० रुपये गेले. त्यांपैकी १५,००० रुपये आगाऊ म्हणून, ३,५०० रुपये ‘पॅकिंग आणि विमा’ या नावाखाली आणि ३०,००० रुपये उरलेली रक्कम म्हणून माझ्याकडून घेण्यात आले. आकडे मुद्दाम लिहीत आहे, कारण ‘खेळण्यांचेच तर पैसे होते’ असे म्हणून हे प्रकरण झटकून टाकणारे लोक मला घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे भेटले.

आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करणारे विक्रेते आपल्याला नवे नाहीत, आणि त्यांच्यापासून कसे वाचायचे हेही क्लबमधल्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या बाबतीत मात्र विक्रेता गायब झाला नाही. पार्सल आले, मी सही करून ते घेतले आणि कुरिअरच्या नोंदीत ‘पोहोचले’ असा शिक्का पडला. त्या एका शिक्क्यासाठीच हा सगळा बनाव रचलेला होता, हे मला तक्रार करायला गेल्यावर समजले.

आमच्या क्लबने नेपोलियनच्या काळातली मोहीम खेळायचे ठरवले होते आणि फ्रेंच बाजू माझ्याकडे आली होती. १८०८च्या फेररचनेनंतर फ्रेंच पायदळाच्या बटालियनमध्ये सहा कंपन्या आणि कागदोपत्री ८४० माणसे असत. आम्ही टेबलावर एका बटालियनसाठी २४ सैनिक मांडतो, म्हणजे टेबलावरचा एक सैनिक साधारण ३५ माणसांच्या जागी उभा असतो. मला दहा बटालियन हव्या होत्या, म्हणजे २४० पायदळ सैनिक, शिवाय घोडदळ आणि तोफा. २८ मिलिमीटरच्या एका सैनिकाचे छातीवरचे आडवे पांढरे पट्टे, कॉलर, बाह्यांच्या पट्ट्या आणि बटणे नीट रंगवायला बसले की अख्खी संध्याकाळ जाते. त्यामुळे कोणी छंद सोडत असेल तर त्याचे रंगवलेले सैन्य विकत घेणे ही आपल्याकडे अगदी रुळलेली गोष्ट आहे. क्लबमधल्या निम्म्या लोकांनी ते केले आहे आणि त्यात हावरटपणा काहीच नाही. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. ‘एवढे स्वस्त कसे, हे तुझ्या लक्षात कसे आले नाही?’ असे विचारणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

मला सैन्य विकणारा गृहस्थ क्लबमधून बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका सदस्याचे नाव सांगून आला. त्याला विषयाची चांगली जाण होती. ग्रेनेडियर या निवडक सैनिकांच्या खांद्यावरचे लाल झुबके, व्होल्टिजर या चपळ पायदळाची पिवळसर कॉलर, १८१२च्या नियमांनंतर आखूड झालेला कोट, या सगळ्यांवर तो न अडखळता बोलत असे. डोळे अधू झाल्यामुळे रंगकाम सोडत असल्याचे त्याने सांगितले आणि या छंदात ते कारण कोणालाही पटेल. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी सैनिकांसोबत ठेवून फोटो पाठवा, असे मी त्याला सांगितले, कारण एवढी खबरदारी सगळेच घेतात. तसा फोटो आला. आज तो मोठ्या पडद्यावर पाहिला की सैनिकांच्या सावल्या डावीकडे पडलेल्या दिसतात आणि चिठ्ठीच्या दुमडलेल्या कोपऱ्याची सावली उजवीकडे. फोटो दुसऱ्याच कोणाच्या कपाटाचा होता आणि चिठ्ठी त्यावर नंतर चिकटवलेली होती. तारखेच्या चिठ्ठीवर यापुढे अजिबात विसंबू नका. हलता व्हिडिओ मागा आणि त्यात तुम्ही सांगाल तोच सैनिक उचलून उलटा करून दाखवायला लावा.

पण मला आतून खातो तो क्षण फोटोचा नाही, पावतीचा आहे. त्याने माल कुरिअरकडे दिल्याची पावती पाठवली आणि ‘आता उरलेले भरा, म्हणजे पार्सलचा क्रमांक देतो’ असे कळवले. पावतीवर तारीख होती, शहर होते, माझे नाव अचूक होते आणि खाली एका चौकटीत वजन होते : १ किलो ८४० ग्रॅम. हा आकडा मी वाचला. वाचून पुढे गेलो आणि ३०,००० रुपये पाठवले. धातूचा २८ मिलिमीटरचा एक पायदळ सैनिक तळहातावर घेतला तरी त्याचे वजन जाणवते. तो १५ ग्रॅमच्या आसपास भरतो. २४० सैनिकांचेच साडेतीन किलोंच्या वर होतात आणि ४८ घोडेस्वार, सहा तोफा व त्यांचे गोलंदाज धरले तर पॅकिंगसह ते पार्सल सहा किलोंच्या खाली येणे शक्यच नव्हते. या सैनिकांच्या मिश्रधातूत मुख्यत्वे कथील असते आणि कथील पाण्याच्या सातपटीहून जड, तर रेझिन, म्हणजे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिकसारखे द्रव्य, पाण्यापेक्षा जेमतेम जड. सगळे उत्तर त्या चौकटीत छापलेले होते. पण पैसे भरायच्या घाईत माणूस पावतीवर स्वतःचे नाव बरोबर आहे का, एवढेच पाहतो. त्याने त्याच दुपारी ‘दुसरा गिऱ्हाईक थांबला आहे’ असे दोनदा लिहिले होते आणि मोहिमेची पहिली लढाई तोंडावर आली होती. अशा वेळी वजनाचा गुणाकार करणारा माणूस मला आमच्या क्लबमध्ये तरी दाखवा.

पार्सल हातात घेताच ते हलके लागले. आत बबल रॅपमध्ये गुंडाळलेले, घरगुती थ्रीडी प्रिंटरवर छापलेले रेझिनचे सैनिक होते आणि त्यांच्यावर राखाडी प्रायमरचा एक फवारा मारलेला होता. टोपीवरून नख फिरवले की थरांच्या बारीक रेघा खरखरत होत्या, कोटाच्या आतल्या बाजूला छपाईतल्या आधाराच्या काड्या तोडल्याचे टोकदार खुंट तसेच राहिले होते आणि बऱ्याच जणांच्या संगिनी वाटेतच मोडल्या होत्या. घोडेस्वारांपैकी काहींना घोडेच नव्हते. थ्रीडी प्रिंटवर माझा आकस नाही. क्लबमध्ये उत्तम प्रिंट केलेली सैन्ये आहेत आणि ती तशी सांगूनच टेबलावर येतात. इथे धातूचे, रंगवलेले सैन्य सांगून हा माल पाठवला होता.

यानंतर जे सुरू झाले, त्याने फसवणुकीपेक्षा जास्त मनस्ताप दिला. पोलीस ठाण्यात टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “अहो, पार्सल मिळालं ना तुम्हाला? सैनिकच मागवले होते ना? मग सैनिकच आलेत की!” धातू आणि रेझिन यांतला फरक मी समजावू लागलो, सोबत नेलेला क्लबमधला धातूचा सैनिक आणि पार्सलमधला सैनिक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन्ही हातात घेतले, शेजारच्या सहकाऱ्यांना दाखवले, आणि मालाच्या दर्जाचा वाद दिवाणी असतो असे सांगून मला वाटेला लावले. फोटोतली चिठ्ठी बनावट आहे, हे प्रकरण दर्जाचे नसून सरळ खोटे बोलून पैसे उकळण्याचे आहे, हे ऐकून घ्यायची तयारी तिथे कोणाचीच नव्हती. अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’ असे उत्तर मिळाले. ती पोच मी अखेर मिळवली, पण त्यासाठी क्लबमधल्या एका वकील मित्राला सोबत न्यावे लागले. त्यांना पाहताच तोच अर्ज त्याच टेबलावर मुकाट्याने घेतला गेला. एकट्याने गेलेल्या माणसाची किंमत एवढीच असेल, तर त्याने जायचे कुठे?

बँकेचे उत्तर आणखी कोरडे होते. पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या संमतीने पाठवले, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही, असे मला लेखी कळवण्यात आले. पैसे ज्या खात्यात गेले त्याच्यावरचे नाव विक्रेत्याचे नव्हते, त्याने ते मेहुण्याचे खाते म्हणून सांगितले होते. हे खाते निदान तपासून पाहा, ही माझी विनंती ‘गोपनीयतेच्या कारणास्तव’ फेटाळली गेली. म्हणजे माझे पैसे घेणाऱ्याची गोपनीयता जपली जाते आणि माझी तक्रार एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहते. नाव वेगळे असलेल्या खात्यात एक रुपयाही टाकू नका, मग ते मेहुण्याचे असो वा सख्ख्या भावाचे.

कुरिअरवाल्यांनी तर हद्द केली. ज्या विम्याचे पैसे मी भरले, त्याचा दावा फक्त पाठवणाराच करू शकतो, असे मला ऐकवले गेले. शिवाय मुळात विमा उतरवलाच नव्हता, हे त्यांच्याच नोंदीत निघाले. ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) मार्ग सुचवणारे अनेक भेटले, पण व्यवसाय म्हणून विक्री न करणाऱ्या, जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसावर तिथे दाद मागता येत नाही, असे वकील मित्राने स्पष्ट सांगितले. विक्रेता अजून फोन उचलतो. ‘माल पोहोचला आहे, नोंद माझ्याकडे आहे’ एवढेच एक वाक्य तो शांतपणे म्हणतो आणि फोन ठेवतो.

ज्यांचे पार्सल अजून यायचे आहे त्यांनी ते फोडण्याआधी वजनकाट्यावर ठेवून, पत्त्याची चिठ्ठी आणि काट्यावरचा आकडा एकाच चौकटीत येईल असे चित्रीकरण सुरू करावे आणि शेवटचा सैनिक बाहेर येईपर्यंत ते थांबवू नये. माझ्याकडे फोडतानाचे चित्रीकरण नाही आणि ‘हे सैनिक त्याच पार्सलमधले कशावरून?’ या पोलिसांच्या प्रश्नावर मी तिथेच अडलो. पावतीवरचे वजन मात्र माझ्या बाजूचा एकमेव पुरावा आहे, म्हणून पावतीचा फोटो आणि संभाषण कोणीही पुसू नये. आणि जवळपासच्या गावात असाल तर स्वतः जाऊन सैन्य हातात घेतल्याशिवाय आगाऊ देऊ नका. विक्रेता टाळाटाळ करू लागला की व्यवहार तिथेच सोडा.

त्याच फोटोंवर दुसऱ्या नावाने पुन्हा विक्री सुरू असल्याचे क्लबमधल्या एकाने मला गेल्या आठवड्यात दाखवले. ओळखायची खूण सांगून ठेवतो. पुढून दुसऱ्या रांगेतल्या ढोलवाल्याच्या उजव्या हातातली काठी तुटलेली आहे आणि सेनापतीचा घोडा पांढरा असून त्याच्या पायाखालच्या बैठकीवर लाल फुलांचे दोन झुपके आहेत. हा फोटो कोणाला आला असेल, किंवा या सैन्यासाठी कोणी पैसे भरून बसला असेल, तर लाजून गप्प राहू नका. आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या आणि खाते क्रमांक माझ्या अर्जातल्या क्रमांकाशी जुळवून पाहा. एकाच खात्यावर दोन-तीन अर्ज आले तर ‘दर्जाचा वाद’ म्हणून ते बाजूला सारता येणार नाहीत, असे वकील मित्राचे मत आहे, आणि माझा अर्ज त्या दुसऱ्या अर्जाची वाट पाहत तिथे पडून आहे.