मुलीला मल्लखांबाला घालावं की जिम्नॅस्टिक्सला?

घरात सहा-सात वर्षांची चपळ मुलगी असली की हा प्रश्न पडतोच.

साधनं बघा. दोरीच्या मल्लखांबाला वर भक्कम आधार, सुती दोरी आणि खाली गादी पुरते. पुरलेल्या खांबाला एरंडेल तेल चोळायचं. जिम्नॅस्टिक्सला असमान बार, व्हॉल्टचं म्हणजे उडीचं टेबल, स्प्रिंगचा फ्लोअर आणि जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद, 125 सेंटिमीटर उंच, तोल सांभाळायची बीम लागते. साहजिकच खर्च वाढतो. जिथे फोमचा खड्डा नाही, तिथे दुहेरी कोलांट्या शिकू देऊ नका.

दोरी पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरतात. सुरुवातीला तिथलं कातडं सोलवटतं, मग घट्टे पडतात. बारवर तळहात फाटतात. पण जिम्नॅस्टिक्समध्ये खरी भीती लँडिंगची: घोटे, गुडघे, मनगटं.

गुणदान हा जिम्नॅस्टिक्सचा सर्वांत कठोर भाग. 2006 पासून काठिण्य आणि सादरीकरण वेगळं मोजून बेरीज होते. छोटं पाऊल हललं तरी 0.1, पडलं की पूर्ण 1 गुण जातो. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली भारताच्या दीपा कर्माकरने व्हॉल्टवर 7.0 काठिण्याचा प्रोदुनोवा (दुहेरी कोलांटीची उडी) मारला, पण लँडिंगला फार खाली बसली, 15.066 गुणांवर कांस्य 0.150 ने हुकलं. ती हळहळ अजून जात नाही.

ऑलिंपिकचं स्वप्न, जवळ चांगलं केंद्र आणि रोजचे तीन-चार तास असतील तर जिम्नॅस्टिक्स. ताकद, लवचिकपणा, शाळा सांभाळून स्पर्धा हव्या असतील तर मल्लखांब. तो ऑलिंपिकमध्ये नाही, पण हिमानी परबला अर्जुन पुरस्कार त्यानेच मिळवून दिला.